२९ मिनिटं ५९ सेकंदांची बासुंदी

हौशी माणसाला व्हिडिओ करायची हुक्की आली, की व्हिडिओ सोडून बाकी सगळं सुरू होतं. पेटी शिकायची हौस असलेला माणूस निदान पेटी घरी आणून चार दिवस शेजाऱ्यांना छळतो. व्हिडिओवाला कोणालाच छळत नाही. तो रात्री दीड वाजता अंथरुणात पडून, मोबाइल नाकाजवळ धरून, कुठल्या तरी दूरदेशीच्या दाढीवाल्या तरुणाने केलेलं कॅमेऱ्याचं परीक्षण ऐकत असतो.

हे दाढीवाले मला फार आवडतात. प्रत्येकाच्या मागे विटांची भिंत, एक जांभळा दिवा आणि कुंडीतलं एक झाड. पाऊण तास नव्या कॅमेऱ्याबद्दल बोलायचं, मधे त्याची बायको किंवा मांजर संथपणे खिडकीबाहेर बघणार, आणि शेवटी तो सांगणार की याच कंपनीचं मागचं मॉडेल तुमच्याकडे असेल तर घाई करू नका. ज्याच्याकडे कुठलंच मॉडेल नाही तोही मग घाई करत नाही. तो पुढचं परीक्षण लावतो. जगातल्या चांगल्या कॅमेऱ्यांनी आजवर सगळ्यात जास्त काय टिपलं असेल, तर दुसरे कॅमेरे, अशी माझी शंका आहे.

आमचे मामा या नादाला निवृत्तीनंतर लागले. आयुष्य बँकेच्या कर्ज विभागात गेलेलं. मामीच्या पाककृतींचं चॅनेल काढायचं, असं त्यांनी एका रविवारी जेवताना जाहीर केलं. बँकेत अर्ज आधी येतो आणि मंजुरी नंतर मिळते. इथे मामीला काही विचारायच्या आतच मंजुरी झालेली होती. मामी मूळची रत्नागिरीकडची. तिच्या हातची सांदणं आणि बासुंदी खाल्लेला माणूस डोंबिवलीच्या गर्दीत तीन लोकल सोडून चौथीने येतो, पण येतो. त्यामुळे विषयात खोट नव्हती. खोट होती ती एक्सेलमध्ये.

मामांनी कॅमेऱ्यांची यादी केली. सेन्सर, लेन्स, बॅटरी, वजन, किंमत असे रकाने, आणि शेवटी ‘शेरा’. कर्ज मागायला आलेल्या माणसाकडे चष्म्याच्या वरून बघायची त्यांची सवय कॅमेऱ्यांनाही भोवली. ‘फोकस बरा. उन्हात गरम होतो. नाकारावा.’ ‘दिसायला चांगला, लेन्स महाग पडतील. पुढील बैठकीत विचार.’ असे एकेक अर्जदार महिनोन्महिने बाकावर बसून होते. तेवढ्यात त्यातली काही मॉडेलं बंद झाली, नवी आली आणि यादी पुन्हा पहिल्यापासून सुरू झाली.

त्यांचं मन बसलं होतं फुल फ्रेमवर. फुल फ्रेम म्हणजे ३६ बाय २४ मिलिमीटरचा सेन्सर, पूर्वीच्या रोलमधल्या एका फोटोएवढा. त्याहून लहान तो एपीएस-सी. मोठ्या सेन्सरवर अंधारात चित्र स्वच्छ येतं आणि पाठीमागचं छान धूसर होतं, हे खरंच आहे. पण पाककृतीत ही धूसरता जरा जपून वापरावी. मामी मोहरी टाकतेय की मेथ्या, हे बघणाऱ्याला कळलं नाही, तर त्या सौंदर्याचं लोणचं घालायचं का?

खर्चाचा आकडा मांडायची वेळ आली तेव्हा मामांनी दादासाहेब फाळक्यांना मधे आणलं. हौशी माणसाचं हे हुकमी पान असतं. “अगं, १९१२ साली फाळक्यांनी विम्याची पॉलिसी गहाण टाकली, लंडन गाठलं आणि पन्नास पौंडांचा विल्यम्सन कॅमेरा घेऊन आले! म्हणून राजा हरिश्चंद्र झाला!”

मामी मेथी निवडत होती. मान वर न करता म्हणाली, “आणि सरस्वतीबाईंचे दागिने? ते तुमच्या एक्सेलात कुठल्या रकान्यात आहेत?”

मामा गप्प. मामीचं वाचन बँकेच्या परिपत्रकांपेक्षा जास्त आहे, हे ते दरवेळी विसरतात. दादासाहेबांच्या पत्नी सरस्वतीबाईंनी नुसते दागिने दिले नाहीत. कोऱ्या फिल्मच्या कडेला अंधारात भोकं पाडायची, रसायनं कालवायची, उन्हात पांढरी चादर धरून नटांच्या तोंडावर उजेड पाडायचा आणि वर सगळ्या मंडळींचा स्वयंपाकही करायचा. ३ मे १९१३ ला गिरगावच्या कोरोनेशनमध्ये जो चित्रपट लागला, त्यातलं निम्मं साहित्य असं घरातच होतं. फाळक्यांनी कॅमेरा आणल्यावर काढलं काय, तर कुंडीतल्या वाटाण्याच्या रोपाची वाढ. एकेक चौकट टिपत रोज थोडं थोडं. ते दाखवून त्यांनी पैसे उभे केले. सावकाराला वाटाण्याचा वेल दाखवून भांडवल काढणारा माणूस मामांच्या बँकेत गेला असता, तर शेरा काय पडला असता याची कल्पना करवत नाही.

नाशिक जिल्ह्याचं पाणीच असं असावं. फाळके त्र्यंबकेश्वरचे. त्याच जिल्ह्यातल्या मालेगावात शेख नासिर यांनी ‘मालेगाव के शोले’ काढला. व्हिडिओ पार्लर चालवता चालवता संकलन शिकलेला हा माणूस. तिथे ट्रॉलीला सायकल आणि क्रेनला बैलगाडी. ‘सुपरमेन ऑफ मालेगाव’ हा त्यांच्यावरचा माहितीपट ज्याने पाहिला असेल, त्याला हात हलला तरी कॅमेरा स्थिर धरणाऱ्या गिंबलच्या जाहिराती बघताना मधेच हसू येतं. मामांनी तो पाहिला, डोळे पुसले, ‘ग्रेट’ म्हणाले आणि परत गिंबलच्या किमती काढून बसले.

अखेर मामीने हुकूम काढला: नवा नाही, वापरलेला घ्यायचा, आणि दिवाळीच्या आत. मला सोबतीला घेऊन मामा बोरा बाजारात गेले. सीएसएमटीला उतरून फोर्टाच्या बाजूला वळलं, की ही गल्ली लागते. बोळाएवढी दुकानं, काचेमागे लेन्सच्या उतरंडी, आणि गल्ल्यावरचा माणूस एकाच वेळी तीन गिऱ्हाइकं, दोन फोन आणि एक चहा सांभाळतोय.

“बोला काका, बजेट?”

“बजेट नंतर. आधी मला याच्या ऑटोफोकसचं…”

“शूट काय करायचं? वेडिंग? प्री-वेडिंग? व्लॉग?”

“बासुंदी,” मामा म्हणाले.

त्याच्या चेहऱ्यावरची रेषही हलली नाही. “मग एपीएस-सी बॉडी घ्या, वर फिफ्टी एमएम वन पॉइंट एट. फूडला एक नंबर.” सहा महिन्यांच्या एक्सेलचा निकाल त्याने चहाच्या दोन घोटांत लावला, आणि खरं सांगायचं तर बरोबर लावला. वर बॅग, कार्ड आणि तिवई फुकट. या फुकटच्या तिवईबद्दल एवढंच सांगतो की तिला तीन पाय होते आणि तिघांची तीन मतं होती. कार्डावर ‘व्ही ३०’ असं लिहिलेलं असेल, तर ते सेकंदाला किमान ३० मेगाबाइट टिपून घेण्याची हमी देतं. आमच्या कार्डावर दुकानाचा फोन नंबर लिहिलेला होता.

चित्रीकरणाचा दिवस उजाडला. मामीने दूध चढवलं आणि पहिला साक्षात्कार झाला: कॅमेरा स्वयंपाकघरात मावेना. एपीएस-सीवर ५० एमएमची लेन्स ७५सारखी वागते, म्हणजे चित्र जवळ येतं आणि कॅमेऱ्याला मागे मागे सरकावं लागतं. डोंबिवलीच्या स्वयंपाकघरात मागे सरकायला असतो तो थेट पॅसेज. तिवई तिथे, संडासाच्या दारासमोर मांडली. त्या सकाळी घरातल्या प्रत्येकाला निसर्गाच्या हाकेला ओ देताना कॅमेऱ्याखालून वाकून जावं लागलं.

मग पडद्यावर काळसर पट्टे वर-खाली सरकायला लागले. मामांचा चेहरा उतरला. दुकानदाराने फसवलं, सेन्सर गेला, पैसे बुडाले, इथपर्यंत मजल गेली. दोष ट्यूबलाइटचा होता. आपली वीज ५० हर्ट्‌झची. ट्यूब सेकंदाला १०० वेळा मिणमिणते, डोळ्याला कळत नाही एवढंच. मामांनी मांडणी केली होती अमेरिकन दाढीवाल्याच्या सांगण्यावरून, ३० फ्रेम आणि शटर साठांश सेकंद. तिकडची वीज ६० हर्ट्‌झची, त्याचं तिकडे जमतं. इथे २५ फ्रेम आणि पन्नासांश सेकंद ठेवलं की पट्टे गायब. पण कॅमेरा बहुधा परदेशातून हिंडून आलेला, त्याला २५चा पर्यायच दिसेना. मामा चष्मा कपाळावर चढवून मेनू धुंडाळत बसले आणि एकदम ओरडले, “सापडली! पाल सापडली!”

मामी डाव टाकून पॅसेजमध्ये. पाल ही आपल्याकडच्या टीव्हीची जुनी पद्धत आहे आणि ती मेनूतच होती, हे पटवून देईपर्यंत दूध उतू गेलं.

दुसऱ्या पातेल्यातलं दूध नीट आटत होतं. मामी खालून डाव फिरवत होती, कडेची साय खरवडून आत सोडत होती, रंग बदामी व्हायला आला होता, आणि कॅमेरा आपोआप बंद पडला. बॅटरी होती, कार्डात जागा होती. आकडा दिसत होता २९:५९. याचं कारण स्वयंपाकात सापडणार नाही, ते युरोपच्या जकातीत आहे. तीस मिनिटं किंवा त्याहून जास्त सलग चित्रण करणारा कॅमेरा तिथे व्हिडिओ कॅमेरा धरला जाई आणि त्यावर जास्त कर बसे. म्हणून कंपन्यांनी कित्येक वर्षं फोटोच्या कॅमेऱ्यांना एक सेकंद आधी गप्प बसायला शिकवलं. नव्या मॉडेलांतून हे बंधन बरंचसं गेलंय. आमचं मॉडेल जुनं. ब्रुसेल्सच्या कोणा जकात अधिकाऱ्याच्या धाकाने डोंबिवलीतली बासुंदी अर्ध्यावर अडली. दूध आटायचं होतं, कॅमेरा आटोपला होता.

आवाजाबद्दल मी जरा सविस्तर लिहिणार आहे, कारण सगळी हौशी मंडळी इथेच झोपतात. चित्र थोडं अंधारं असलं तरी माणूस बघत राहतो. आवाज घुमला की अंगठा पुढे सरकतो. कॅमेऱ्यातला माइक पॅसेजमध्ये, मामी ओट्याशी, भिंतींना छतापर्यंत टाइल्स. ऐकताना असं वाटे की मामी विहिरीत उतरून वेलदोडा कुटतेय. मग काही शेकड्यांत मिळणारा तारेचा कॉलर माइक आणला. तो पदराला लावला तर पदर सळसळतो. जरा खाली लावला तर मंगळसूत्राचे मणी त्याच्यावर आपटतात, आणि ‘आता साखर घालायची’ या वाक्याला टाळ्यांचा कडकडाट झाल्यासारखं ऐकू येतं. अखेर मामीनेच तो उजव्या खांद्याच्या पिनेत अडकवला, मंगळसूत्र पदराआड घेतलं आणि हातातल्या बांगड्या काढून पोह्यांच्या डब्यावर ठेवल्या.

घरातला आवाज आवरला, तरी बाहेर डोंबिवली होतीच. कुकर शेजारणीचा, ड्रिल चौथ्या मजल्याचं, भंगारवाल्याचा भोंगा सर्वांचा. इमारत निवांत असते ती दुपारी दोन ते चार, आणि त्या वेळी मामी झोपते. हा तिढा जगातला कोणताही माइक सोडवू शकत नाही.

उजेडाचा प्रश्न मात्र लवकर सुटला. मामा सॉफ्टबॉक्स आणि रिंगलाइटच्या किमती काढत असताना मामीने माळ्यावरून थर्माकोलची शीट काढली. राज्यात २०१८ साली थर्माकोलवर बंदी आली, त्याच्या आधीच्या गणपतीच्या मखरातली. खिडकीतून येणारा उजेड एका बाजूने, आणि समोर थर्माकोल धरला की दुसऱ्या बाजूची काळोखी भरून निघते. मुंबईच्या सिनेमाच्या सेटवरही वर्षानुवर्षं हेच करतात आणि त्याला थर्माकोलच म्हणतात. ओट्यावरचा पिवळा बल्ब बंद केल्यावर मामीचा अर्धा पिवळा, अर्धा निळा चेहराही माणसात आला.

संकलन रात्री सुरू झालं. मामांच्या डोळ्यांपुढे नमुना होता स्वतःच्या लग्नाच्या व्हिडिओ कॅसेटचा. एक जण खांद्यावर कॅमेरा घेऊन, त्याच्या मागे हॅलोजन धरलेला पोऱ्या, ज्याच्यावर उजेड पडेल तो माणूस भजं तोंडात धरून थिजणार. आणि मग ते ‘मिक्सिंग’! नवरी बदामात, नवरदेव गुलाबाच्या पाकळीत, पुस्तकाची पानं उलटावीत तसे नातेवाईक उलटणार, वर गाणं असं की भटजी काय म्हणताहेत ते कधीच कोणाला कळलेलं नाही. मामांना दूध आणि साखर यांच्या मधे बदाम हवा होता. “बासुंदीत बदाम असतोच,” हे त्यांचं समर्थन.

सॉफ्टवेअर म्हणून मी त्यांना दाविंची रिझॉल्व्ह दिलं. त्याची फुकट आवृत्ती अल्ट्रा एचडीपर्यंतचं काम घरगुती माणसाला पुरून उरेल असं करते. पण फुकट म्हटल्यावर मामांचा विश्वास बसेना. फुकट गोष्टीत काय काय दडलेलं असतं, हे बँकवाल्याइतकं कोणाला ठाऊक? अटी आणि शर्ती त्यांनी अगदी शेवटच्या ओळीपर्यंत वाचल्या. पृथ्वीवर असं करणारे ते एकटेच असावेत.

गाडी अडली ती लॅपटॉपवर. ४के चित्रण सेकंदाला १०० मेगाबिट या दराने टिपलं, की तासाला ४५ जीबी भरतात. बासुंदीला घरात लागलं होतं दोन लिटर दूध, आणि लॅपटॉपमध्ये एवढी कमी जागा की विचारायची सोय नाही. शिवाय आजकालचे कॅमेरे चित्र फार घट्ट दाबून भरतात, ते उलगडताना जुन्या लॅपटॉपला धाप लागते. मामीचा डाव पातेल्यात एक फेरी पूर्ण करायला पडद्यावर मिनिट घ्यायचा. त्यावर उपाय प्रॉक्सीचा: मूळ चित्रणाची हलकी नक्कल करायची, कापाकापी तिच्यावर करायची, शेवटी सही मुळावर. “म्हणजे मुखत्यारपत्र!” मामा म्हणाले आणि त्या रात्री पहिल्यांदा त्यांना संकलन आवडलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी मामीने तो कापलेला भाग पाहिला. सायीवर केशराची काडी पडते आणि तिच्याभोवती पिवळं ओघळत पसरतं, एवढाच तुकडा तिने पुन्हा पुन्हा लावला. मग म्हणाली, “हे झकास आलंय. बाकी सगळं टाकून द्या. साय धरली तेव्हा तुम्ही माझ्या कोपराचा फोटो काढत होतात. दूध वर यायच्या आधी कडेला बारीक बुडबुडे येतात, ते तुम्हाला दिसलेच नाहीत. आण तो कॅमेरा इकडे.”

शेवटचं वाक्य मला होतं.

तेव्हापासून कॅमेरा मामीकडे आहे. दूध कधी वर येणार हे तिला पातेल्याकडे पाठ असतानाही कळतं, त्यामुळे ती बरोबर त्या क्षणी तिथे असते. तिवईची तिन्ही मतं तिने एका सुतळीत बांधली. पावसाळ्यात लेन्सच्या आत बुरशी धरते म्हणून पापडाचा हवाबंद डबा रिकामा करून त्यात सिलिका जेलच्या पुड्यांसह कॅमेरा ठेवला. पापड कुठे गेले हे मामांनी विचारलेलं नाही. मामा आता डाव फिरवतात, ‘आता साखर घालायची’ म्हणतात, आणि मामीचा हात मोकळा नसेल तेव्हा भाच्याला बाजूला सारून स्वतः थर्माकोल धरून उभे राहतात. सरस्वतीबाईंचा विषय त्यांनी परत काढलेला नाही.

मला हल्ली लोक विचारतात, काय घ्यावं. आधी माइक घ्या. मग हलणार नाही असं काहीतरी, ज्याच्यावर मोबाइल उभा राहील. मोबाइलच्या लेन्सवरचं बेसन रुमालाने पुसा, निम्म्या लोकांचा कॅमेरा तिथेच सुधारतो. मग महिनाभर खिडकीशी बसून काढा, आणि त्यानंतरही हात शिवशिवत असतील तर बोरा बाजारात जा आणि काय शूट करायचंय ते पहिल्या वाक्यात सांगा. ड्रोनचं मात्र विचारू नका. मामांनी विचारलं होतं. आमच्या स्वयंपाकघराचं छत साडेनऊ फुटांवर आहे.

आणि जाता जाता: सणाच्या सेलमध्ये मामांनी गुपचूप मागवलेला एक गिंबल विकायचा आहे. खोकं फोडलेलं नाही, बिल आहे, वॉरंटी चालू आहे. चालत चालत शूटिंग करणाऱ्याला उत्तम, आमच्या ओट्यापाशी चालायला जागा नाही. गरजूंनी मामीशीच बोलावं. घासाघीस चालेल, थर्माकोल मात्र मागू नये.